बुधवारचा फोन

गोल्फच्या सुट्टीची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की नवऱ्याने ओढत नेलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी २०२१च्या ऑगस्टात आयर्लंडमधल्या केरीतलं ते हॉटेल मीच शोधलं, मीच बुक केलं, आणि तीन दिवस त्याची चाकांवरची गोल्फची पिशवी ओढत चिखल तुडवला. कारण एकच. मला नवऱ्याला एक गोष्ट सांगायची होती आणि लिमरिकच्या आमच्या घरात ती माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हती.

गोष्ट अशी. एप्रिलमध्ये नागपूरला माझे सासरे वारले. वारण्याच्या तीन दिवस आधी, बुधवारी, त्यांनी हॉस्पिटलातून फोन केला होता. तो मी घेतला आणि नवऱ्याला दिला नाही. नवऱ्याला असा फोन आला होता हेच माहीत नव्हतं. चार महिने मी त्याच्याबरोबर जेवत होते, झोपत होते, त्याचे शर्ट वाळत घालत होते, आणि हे पोटात ठेवून होते.

आता गोल्फचं. २०२०च्या सुरुवातीला नवऱ्याच्या ऑफिसातल्या चौघांनी ऑस्ट्रियात आल्प्सच्या एका खोऱ्यातलं गोल्फचं मैदान हुडकून काढलं होतं. चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर आणि मधे लिंक्स. लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवरचं, झाडं नसलेलं, वाऱ्याच्या तावडीतलं मैदान. आता आल्प्समध्ये समुद्र कुठून आणणार? पण त्यांनी माती ओतून हुबेहूब तसं बनवलं होतं म्हणे. नवरा तेव्हा अगदीच नवशिका, कोणीतरी दिलेला जुना सेट घेऊन मिरवणारा. पण उत्साह असा की बॅगा जानेवारीतच काढून ठेवल्या होत्या. मार्चमध्ये जग बंद पडलं आणि बॅगा परत माळ्यावर गेल्या. उन्हाळ्यात इथली मैदानं उघडली तेव्हा मात्र तो खरंच खेळायला लागला. माणसांपासून लांब उभं राहायचा खेळ तेवढाच शिल्लक होता.

आणि दर रविवारी दुपारी दोन वाजता नागपूरला व्हिडिओ कॉल. बाबा भूकरमापक होते. सगळी नोकरी शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली, त्यामुळे जिथे काहीतरी मोजायचं असतं ते त्यांना आवडायचं. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो हे कळल्यावर पहिल्यांदा ते खूप हसले. मग त्यांनी तो खेळ मनावरच घेतला. फोन उचलला की पहिला प्रश्न, "काय बे, किती लागले?"

"एकशे चौदा."

"मागच्या वेळेस तर एकशे अकरा होते ना! मंग काय करून राहिला तू तिकडे?"

"वारा होता बाबा."

"वारा काय फक्त तुलेच लागते? शंभराच्या आत ये लवकर. मंग मी मोहल्ल्यात सांगतो."

मग माझी पाळी. मी चार वाक्यं बोलले की म्हणायचे, "पुण्याची पोरगी, शब्द बी मोजून देते." मी म्हणायचे, बाबा, मोजणीचं काम तुमचं, मी कशाला मोजू. त्यावर त्यांना फार मजा वाटायची. सासूबाई मुलं लहान असतानाच गेल्या होत्या. दोन पोरांना त्या माणसाने एकट्याने डबे करून दिले होते. नवऱ्याला आई म्हणजे एक फोटो होता. बाकी सगळं बाबाच.

२०२१च्या हिवाळ्यात मैदानं परत बंद झाली. तेव्हापासून रविवारचा प्रश्न बदलला. "मैदान उघडलं का बे?" नाही बाबा. "अजून नाही? काय सरकार आहे का काय आहे!"

एप्रिलच्या त्या आठवड्यात मंगळवारी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. बाबांना रात्री हॉस्पिटलात हलवलं होतं, ऑक्सिजन लावला होता. "वहिनी, दादाला सांगू नका. परवा त्याचं गो-लाइव्ह आहे ना, ऑफिसातली नवी सिस्टिम चालू करायचं? दोन दिवसांत उतार पडेल, मग सांगू." आमच्याकडची ही रीतच आहे. परदेशातल्या माणसाला आजार कळवायचा नाही, बरं वाटल्यावर कळवायचं. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला टाके निघाल्यावर कळलं होतं. तेव्हा मी केवढं आकांडतांडव केलं होतं! मी काय परकी आहे का, मला काय समजता तुम्ही, सगळं बोलून घेतलं होतं. आणि आता तीच मी म्हणाले, बरं भाऊजी, नाही सांगत.

बुधवारी मी घरून काम करत होते. सकाळी साडेदहाला बाबांचा नंबर दिसला. ते नेहमी मलाच फोन करायचे, कारण लेकाचा फोन कायम सायलेंटवर. आवाज खोल गेला होता, मागे कसलीतरी यंत्रं वाजत होती. त्यांनी विचारलं, "तो आहे का?"

मी म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे, बाबा."

तो मीटिंगमध्ये नव्हता. काचेच्या दरवाजापलीकडे स्वयंपाकघरात उभा होता, हेडफोन गळ्यात, आणि टोस्टला लोणी लावत होता. माझ्यापासून सहा पावलांवर. बाबा त्यानंतर जे बोलले ते मी पुढे सांगते. ते मला एकदाच सांगता येतं.

गो-लाइव्ह, दिरांना दिलेला शब्द, ही सगळी कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण ती नव्हती. खरं कारण हे की मला भीती वाटली. आवाज ऐकला असता तर नवरा त्याच दिवशी विमान बघायला लागला असता. तिकडे माणसं पटापट जात होती, इथे परतीची दारं बंद होतील अशी बोलणी चालू होती. तो गेला आणि अडकला, किंवा त्यालाच काही झालं, तर मी लिमरिकच्या त्या घरात एकटी काय करणार होते? मला तो जायला नको होता. म्हणून मी बापाला लेकाचा आवाज ऐकू दिला नाही. हे असं लिहिलं की फार वाईट दिसतं, पण ते आहेच तसं.

गुरुवारी दुपारी बाबांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. मग आम्ही नवऱ्याला सांगितलं. दिरांनी सांगितलं, "अचानक झालं रे दादा." मीही मान हलवली. शनिवारी ते गेले. अंत्यसंस्कार नवऱ्याने फोनच्या पडद्यावर पाहिले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. तो रडला नाही. सोमवारी कामाला बसला. त्याच आठवड्यात मैदानं उघडली आणि तो दर शनिवार-रविवार खेळायला जायला लागला. घरी येऊन बूट धुवायचा आणि गप्प बसायचा. किती लागले हे मी विचारू शकत नव्हते.

तर मी ही सुट्टी काढली. केरीतही एक तसलंच मैदान निघालं, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात मुद्दाम लिंक्ससारखं बनवलेलं. हॉटेलवाल्यांनी फोटोखाली 'आल्प्सची आठवण' असं काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं, राहिलेली सहल होईल, तो जरा मोकळा होईल, आणि मोकळ्या हवेत मी सांगेन. मूर्खपणा! शुक्रवारी पोचलो तेव्हा डोंगर गायब होते. ढग पार मैदानापर्यंत उतरले होते आणि वाकड्या गवताच्या त्या उंचवट्यांवर बारीक, चिकट पाऊस पडत होता. समुद्राची तयारी सगळी होती, फक्त समुद्र नव्हता. मला ते बघूनच रडू यायला लागलं.

हॉटेलने नवऱ्याची जोडी एका आयरिश गृहस्थांशी लावून दिली. पंचाहत्तरीच्या आसपासचे, निवृत्त गुरांचे डॉक्टर, एकटेच आलेले. मी त्यांना मनात आजोबा म्हणायला लागले. त्यांनी मैदान पाहिल्याबरोबर जाहीर केलं की हे लिंक्स नाही, हे लिंक्सचं सोंग आहे. पण चालेल, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत झकास. त्यांना सगळंच ग्रँड होतं, पाऊससुद्धा. गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात. तुझे मी मोजायचे, माझे तू, आणि शेवटी कार्डावर दोघांनी सही करायची. तेव्हा आजोबा नवऱ्याचे फटके मोजत होते आणि मी पिशवी ओढत होते.

अठरा होलांपैकी चौथ्या की पाचव्या होलला आजोबांनी सहज विचारलं, आईवडील आहेत का तुमचे? नवरा चेंडू पुसत होता. म्हणाला, "आई लहानपणीच गेली. वडील नागपूरला असतात." असतात! माझ्या हातातून पिशवीची मूठ सुटली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आजोबा म्हणाले, वा, छान, आणि त्यांनी आपला चेंडू मारला.

शनिवारी जेवताना मी ठरवूनच बसले होते की आज बोलायचं. टेबलं लांब लांब मांडलेली, वाढणाऱ्या मुलीच्या तोंडावर मास्क, शेजारी कोणी नाही. यापेक्षा बरी वेळ कुठली? मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "मला एक कळत नाही. पाच दिवस होते ते हॉस्पिटलात. पहिले दोन दिवस तर शुद्धीवर होते म्हणे. एक फोन करावासा वाटला नसेल का त्यांना?"

मी सुपात चमचा फिरवला.

"नसेल वाटला," तो पावाला लोणी लावत म्हणाला. "दर रविवारी मीच करायचो. त्यांनी केलाच पाहिजे असं थोडंच आहे."

तेव्हा मला कळलं, तो चार महिने नुसता वडील गेल्याचं दुःख घेऊन बसला नव्हता. शेवटच्या वेळी बापाला आपली आठवण आली नाही, हे घेऊन बसला होता. आणि ते त्याच्या छातीवर ठेवलं होतं मी. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या क्षणी. मी काय म्हणाले माहिती आहे? म्हणाले, "सूप गार होतंय." अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी वारा होता, पाऊस थांबून थांबून येत होता. नवरा बरा खेळत होता, पण मला त्यातलं काय कळतंय. चौदाव्या होलला त्याचा चेंडू उजवीकडे गुडघाभर गवतात गेला. तीन मिनिटांत सापडला नाही तर हरवला असा नियम आहे, म्हणून तिघेही तीन दिशांना शोधायला लागलो. तो मला दिसला. गवताच्या बुंध्याशी असा रुतलेला की तिथून देवही मारू शकला नसता. नवरा पाठमोरा होता, त्याचे खांदे पडलेले. आजोबा लांब काठीने गवत बाजूला करत होते. मी बुटाच्या टोकाने चेंडू ढकलला. दोन हात पलीकडे, आखूड गवतावर. आणि ओरडले, "सापडला!"

विचार असा काही केलाच नाही. त्याला बरं वाटावं एवढंच. तो आला, चेंडू बघून त्याचा चेहरा उजळला. असा चेंडू मारला की थेट झेंड्याजवळ. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने मागे वळून माझ्याकडे बघून हसून दाखवलं. एप्रिलनंतर पहिल्यांदा. मला इतकं छान वाटलं म्हणून सांगू.

सतराव्या होलला आजोबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, त्याला सांगू नका, पण हा आज शंभराच्या आत येतोय. मला अक्कल असती तर तिथेच बोलले असते. मी नुसती पिशवी ओढली. अठराव्या होलला शेवटचा चेंडू पडला, आजोबांनी बोट फिरवत बेरीज केली आणि मोठ्याने म्हणाले, "नव्याण्णव!"

नवऱ्याने दोन्ही हात वर केले. मग हातमोजा दाताने ओढून काढला, खिशातून फोन काढला आणि अंगठा चालवला. मी शेजारीच होते. सगळ्यात वर टाचून ठेवलेलं नाव होतं, बाबा. दुपारचे दोन वाजून गेले होते. रविवार. त्याचा अंगठा तिथे थांबला. मग फोन परत खिशात ठेवून तो मला म्हणाला, "सवय."

क्लबहाउसच्या बाहेर लाकडी टेबल होतं. आजोबांनी आपली सही केली आणि कार्ड नि पेन्सिल नवऱ्याकडे सरकवली. मी लिमरिकच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते. हृदयात घालायच्या नळ्या बनतात तिथे. कोणाच्या हातून काही वावगं झालं तर ते लिहून काढायला लावणं हेच माझं काम. कामावरची मुलं रडकुंडीला येतात, म्हणतात, कोणाला कळणार आहे, आणि मी म्हणते, मला कळलंय ना, लिही. कितीजणांना लिहायला लावलंय मी! नवऱ्याने पेन्सिल उचलली आणि मी म्हणाले, "थांब. चौदाव्याला चेंडू मी हलवला होता."

आधी मराठीत बोलले, मग आजोबांसाठी इंग्रजीत. आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पिशवी ओढणाऱ्याने हलवला म्हणजे खेळाडूनेच हलवला असं धरतात, ते म्हणाले, दोन फटके वाढतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले की त्यांचे कान काही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, त्यांना काही ऐकू आलेलं नाही.

"नाही," नवरा म्हणाला. "दोन घाला."

त्याने स्वतःच चौदाव्या होलवरचे पाच खोडून सात केले, नव्याण्णवचे एकशे एक केले, आजोबांनी खाडाखोडीवर पुन्हा सही केली. हात मिळवायची पद्धत बंद झाली होती, म्हणून दोघांनी कोपराला कोपर लावलं. आजोबा गेले. नवरा मला एवढंच म्हणाला, "कशाला हलवलास?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

त्याने पिशवी मागच्या सीटवर आडवी टाकली आणि गाडीत बसला. मीही बसले. काचेवर पाऊस वाजायला लागला. त्याने किल्ली लावली, तेव्हा मी म्हणाले, "गाडी सुरू करू नकोस. बाबांचा फोन आला होता."

मग सगळं सांगितलं. मंगळवार, भाऊजी, बुधवार. मला तो जायला नको होता, हेही सांगितलं. मधे थांबले नाही, रडलेही नाही, कारण रडले असते तर त्याला मलाच समजवावं लागलं असतं, आणि तेवढी तरी लाज मला होती. तो समोरच्या काचेकडे बघत होता.

"मी मीटिंगमध्ये होतो?"

"नाही. टोस्ट खात होतास."

"म्हणजे केला होता त्यांनी," तो म्हणाला.

"केला होता."

"काय म्हणाले?"

मी जसंच्या तसं सांगितलं. तो मीटिंगमध्ये आहे असं मी म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, "असं का. राहू दे मंग, नको उठवू त्याले तिथून." मग दम खायला थांबले. मग म्हणाले, "काम काही नव्हतं. मैदान उघडलं का त्याचं, एवढंच विचारायचं होतं." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात उघडतंय बाबा. तर म्हणाले, "बरं. खेळून आला की सांग म्हणा मले, किती लागले."

नवऱ्याने खिशातून ते कार्ड काढलं, दमट झालेलं. दोन्ही हातांनी स्टीअरिंगवर धरलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो मोठ्याने, फोनवर बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "एकशे एक लागले, बाबा." आणि मग रडायला लागला. इतकं मोठं रडणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं. मी खांद्यावर हात ठेवायला गेले तर त्याने खांदा काढून घेतला.

शांत झाल्यावर त्याने बाहीने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू मागे बस."

मी उतरले. पावसात मागचं दार उघडून गोल्फच्या पिशवीशेजारी जेमतेम जागा होती तिथे बसले. त्याने गाडी सुरू केली, आणि लिमरिक येईपर्यंत मला त्याची फक्त मान दिसत होती.